सांधेदुखीचं बायोलॉजिक इंजेक्शन घ्यायच्या आधी टीबीची तपासणी कशी करून घ्यायची

ज्यांना आमवातासाठी अडॅलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब यांसारखं बायोलॉजिक औषध सांगितलंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझ्या आत्याच्या वेळी आम्हाला हेच कळेना की दुखतायत बोटं आणि छातीचा एक्सरे कशाला?

त्यासाठी आधी मॅक्रोफेज समजून घ्या. या आपल्या अंगातल्या खादाड पेशी, जंतू दिसला की गिळून पचवून टाकतात, पण टीबीचा जंतू गिळला तरी कधीकधी पचत नाही, आतच जिवंत राहतो, मग आणखी मॅक्रोफेज येऊन त्याच्याभोवती घट्ट गाठ बांधतात आणि तो वर्षानुवर्षं तिथेच कोंडून पडतो, माणसाला पत्ताही नसतो. ही गाठ टिकायला टीएनएफ नावाचं, सूज आणणारं प्रथिन लागतं, जे मुख्यतः मॅक्रोफेजच सोडतात. आता गंमत नाही, गोची इथेच आहे: आमवातात सांध्याच्या अस्तरात हेच टीएनएफ नको तितकं सुटतं आणि सूज येऊन हाड झिजतं. इंजेक्शन ते अडवतं, सांधे मोकळे होतात, पण ती जुनी गाठही सैल पडू शकते. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांना टीबी झाल्याचे रिपोर्ट छापून आले, आणि आधी तपासणी करायची पद्धत पक्की झाली.

तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, घरात कोणाला टीबी झाला होता का, तुम्हाला स्वतःला लहानपणी झाला होता का, अगदी आजोबांच्या खोकल्यापर्यंत आठवून सांगा. मग एक्सरे, आणि मँटू ही त्वचेवरची टेस्ट किंवा इग्रा ही रक्ताची टेस्ट. मँटू हातावर टोचतात आणि 48 ते 72 तासांत परत जाऊन दाखवायची असते, तो दिवस चुकवू नका. स्टेरॉइड चालू असेल तर नक्की बोला कारण टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि लहानपणी टोचलेल्या बीसीजीच्या लसीमुळे मँटू कधीकधी उगाच पॉझिटिव्हही येते, इग्राला बीसीजीचा त्रास नाही.

पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, लपलेल्या टीबीच्या गोळ्या असतात, साधारण महिनाभर त्या घेतल्यावर बायोलॉजिक सुरू करता येतं, पण गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण करायचा. लिव्हरची तपासणी सांगितली की करा.

आणि निगेटिव्ह आली तरी पुढे संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, मानेत गाठ असं काही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. खोकल्याची वाट बघू नका, या औषधांवर टीबी बऱ्याचदा फुफ्फुसाबाहेर होतो.