हायड्राला उन्हाळाभर चित्रं काढायला निघालात? मग आधी हे वाचा

हायड्रा हे ग्रीसचं बेट. तिथे राहून चित्रं काढायला जायचं तर फॉर्म कुठे भरायचा, पोर्टफोलिओत काय लावायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. नसेल तर कॉलेजातल्या सिनिअरना विचारा. 'पोर्टफोलिओ बनवून देतो' म्हणून पैसे घेणारे क्लास निघालेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सगळ्या पोरींच्या वह्या एका छापाच्या करून देतात. मला ज्या सरांचा उपयोग झाला त्यांच्या तोंडून 'वा' कधी ऐकलं नाही, पण त्यांच्याकडून वही परत आली की पानापानावर पेन्सिलीच्या खुणा असायच्या. असे सर मिळाले तर त्यांचा ओरडा खा.

मी सोलापुरात चादरींचे ग्राफ काढते. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची, मग पंचिंगवाला त्यावरून जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, कार्डांना भोकं पाडतो. हायड्राच्या तिकिटाचे पैसे त्यातूनच साठवले. घरी आईला वाटत होतं ग्रीसला लढाई चालू आहे, ते वेगळंच.

व्हिसाचं पटकन सांगते. शेंगेनचा, म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो, लहान मुदतीचा व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहू देतो. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला मी मुंबई गाठली. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी पोचतो. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा: या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि राहण्याजेवणाच्या बदल्यात केलेलं कामही 'काम' धरलं जाऊ शकतं. निमंत्रणपत्रात काय लिहिलंय ते दोनदा वाचा.

बेट कळायला सोपं आहे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीने दोनेक तास. गाड्या नाहीत, सामान खेचरांवर जातं, आणि घरं डोंगराला चिकटून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेली. इझल, कॅनव्हास असलं जड काही नेऊ नका. खेचरवाल्याला पैसे मोजावे लागतात आणि शेवटच्या पायऱ्या आपल्यालाच चढाव्या लागतात. कागद घरूनच पाव आकारात कापून घ्या. जुलै-ऑगस्टात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तेव्हा नुसत्या क्लिपांनी भागत नाही, चारही कडा टेपने चिकटवाव्या लागतात. उन्हाची भीती आपल्याला नाही. मे महिन्यात सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून ज्यांनी लँडस्केप केलंय त्यांना ग्रीसचं ऊन काय करणार? पाण्याचंही तेच. तिथल्या जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत, आणि बादलीत भांडी विसळून तेच पाणी झाडाला घालताना मला काही शिकावं लागलं नाही. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावच्या आपण.

जायच्या आधी घिका या ग्रीक चित्रकाराची चित्रं मात्र बघून जा. हायड्रावर त्याच्या घराण्याचा वाडा होता, 1961 मध्ये तो जळाला. घरं, भिंती, पायऱ्या, सगळं त्याने चौकटींत मोडून पुन्हा रचलंय. ग्राफ काढणाऱ्या माणसाला ती चित्रं कुणी समजावून द्यावी लागत नाहीत. बाकी लेनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकाचं घर शोधत गल्ल्या धुंडाळण्यात वेळ घालवू नका. त्याने ते 1960 मध्ये 1,500 डॉलरला घेतलं, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक जण सांगणारच आहे.

आता मुद्द्याचं. राहणं फुकट, जेवण फुकट, बदल्यात 'घरात थोडी मदत', अशी बोलणी झाली असतील तर तिथेच थांबा. मदत किती ते तुम्ही विचाराल. पण मदत कधी, ते आधी विचारा. जुलैत हायड्रावर काम होतं ते उजाडल्यापासून साधारण अकरापर्यंत. त्यानंतर चुन्याच्या भिंतींवरून उजेड असा परततो की कागदाकडे बघवत नाही, आणि जलरंगाचा हात फिरेपर्यंत कडा वाळलेली असते. दुपारी अख्खं बेट झोपतं. संध्याकाळी सावल्या पुन्हा चांगल्या पडतात, पण तेव्हा मंडळी पोहायला जातात आणि तिथून बंदरावर. म्हणजे हातात राहते ती सकाळ. आणि घरात मदत कधी लागते? सकाळीच! न्याहारी, रात्रीची भांडी, भाजी आणणं, खेचरावरून सामान उतरवून घेणं. दोन तासांची मदत दिवसाच्या चोवीस तासांतून जात नाही, कामाच्या पाच तासांतून जाते.

त्यात आपण आपल्या घरांत वाढलेल्या मुली. सहाला डोळा उघडतोच, आणि ओट्यावर उष्टी भांडी दिसली की हात आपोआप नळाकडे जातो. पहिल्याच आठवड्यात मी आल्याचा चहा टाकला, स्वतःपुरता. वासाने त्याच घरात राहणारा एक आयरिश कवी उठून आला, त्याला अर्धा दिला. दुसऱ्या दिवशी डॅनिश शिल्पकारीण कप घेऊन उभी. मग घरमालकीणबाई पाहुण्यांना सांगायला लागल्या की हिच्या चहाशिवाय आमचं घर जागंच होत नाही. ऐकायला काय गोड वाटलं म्हणून सांगू! महिना सरेपर्यंत कुणाला किती साखर लागते ते मला पाठ झालं, आणि वहीत बंदराची अर्धवट चित्रं साचली. जबरदस्ती कुणीच केली नव्हती, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? कवी दहाला उठायचा, पण उठला की दार लावून बसायचा, आणि त्या दाराला कुणी हात लावत नसे. दार माझ्याही खोलीला होतं. मी आत कुठे होते?

हे त्या बेटाला नवं नाही. शार्मियन क्लिफ्ट आणि जॉर्ज जॉन्स्टन हे ऑस्ट्रेलियन लेखक जोडपं 1955 मध्ये हायड्रावर आलं. परदेशी लेखक-चित्रकारांचा अड्डा त्यांच्याच भोवती जमला. क्लिफ्ट स्वतः ताकदीची लेखिका, पण तिचं लिहिणं तीन मुलं, आजारी नवरा आणि घर सांभाळून. मारियाने ईलेन या नॉर्वेच्या मुलीला जग कोहेनची प्रेरणा म्हणून ओळखतं. त्याच्या 1969 च्या अल्बमच्या मागच्या बाजूला तिचा फोटो आहे: अंगाला टॉवेल गुंडाळून ती टाइपरायटरपाशी बसलीय. सोलापूरकर असल्यामुळे माझी नजर आधी टॉवेलवर गेली. मग लक्षात आलं, टाइपरायटर कोहेनचा आहे. कुणी 'तू आमची प्रेरणा आहेस' म्हणालं तर हसा, आभार माना आणि वही उघडा.

तेव्हा, अशी मदत व्हिसात बसते याची खात्री करून, जायच्या आधी ईमेलवर सरळ लिहा: सकाळी अकरापर्यंत मी माझं काम करीन, त्या वेळेत घरातलं काही करणार नाही, मदत संध्याकाळी, आठवड्याला इतके तास, एक दिवस पूर्ण सुट्टी. उत्तर येऊ द्या. 'इतकं लेखी कशाला, आपण घरच्यासारखेच' असं आलं तर जाऊ नका. अगदीच जायचं असेल तर स्वतंत्र खोलीचं भाडं भरून जा आणि कमी दिवस राहा.

आणि आधीच जाऊन अडकला असाल तर घाबरूही नका. मी एका रात्री जेवताना सांगून टाकलं की उद्यापासून सकाळी मी नाही. कुणी रागावलं नाही. कवी चहा करायला शिकला, भयंकर करायचा. उरलेल्या दिवसांत मी फक्त पायऱ्या काढल्या, आणि त्या बऱ्या उतरल्या. त्यांवरून केलेला ग्राफ इथल्या एका कारखानदाराने 'याला गिऱ्हाईक नाही' म्हणून परत दिला, पण तो मला अजून आवडतो.

'जरा बस ना, दहा मिनिटं' म्हणत तुमचं चित्र काढणारेही भेटतील. बसायचं तर अदलाबदलीवर: जेवढा वेळ मी तुझ्यासमोर, तेवढाच तू माझ्यासमोर. कपडे काढून बसायचा आग्रह झाला तर 'नाही' एकदाच म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. वाइन नको असेल तर नको म्हणा, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. दारू पिणाऱ्यांपेक्षा रात्रभर स्वतःच्या कादंबरीची गोष्ट सांगणारे जास्त झोप मोडतात.

खाण्याचं: युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे घरीच ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, उन्हाळाभर टिकतात. पण दोन्ही आपल्या खोलीत ठेवायची. स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसली की आठवड्यात संपतात, आणि मग बाया विचारतात, ही भाकरी ताजी कशी करतात, एकदा दाखव ना.