इंग्लंडमधल्या जुन्या रस्त्यावर कोणाचं दुकान होतं, हे कसं शोधाल?

घरक्रमांकावर विसंबू नका, ते अनेकदा बदललेले असतात. कोपऱ्यावरचा पब किंवा चर्च धरून तिथून दुकानं मोजा. केली या प्रकाशकाच्या मोठ्या शहरांच्या डिरेक्टरीत, म्हणजे दुकानदार-रहिवाशांच्या छापील सूचीत, रस्त्यानुसार यादी मिळते. मध्ये लागणारे आडरस्तेही छापलेले असतात, आणि ती खूण अमूल्य आहे. मात्र माहिती छपाईच्या काही महिने आधीची असते.

मग १८४१ ते १९२१च्या जनगणना ताडून पाहा. १९३१ची १९४२च्या आगीत जळाली. तिच्याऐवजी १९३९चं रजिस्टर, म्हणजे त्या वर्षी सरकारने केलेली लोकांची नोंद, वापरा. दुकानदार दुसरीकडे राहत असेल तर जनगणनेत त्या पत्त्यावर त्याचं नाव सापडणार नाही.

पबसाठी काउंटी अभिलेखागारातली परवान्यांची रजिस्टरं पाहा. परवानाधारक म्हणजे मालक असेलच असं नाही. इमारत बहुधा बिअर बनवणाऱ्या कंपनीची असे.