परदेशी पदवी तपासायला घेण्याआधी

फाइल हातात आली की 'ही आपल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची?' हा प्रश्न लगेच घेऊ नका. ही पदवी तिच्या देशात, त्या साली काय होती, हे आधी शोधा.

मूळ भाषेतली सगळी कागदपत्रं मागवा, नुसत्या भाषांतरावर काम सुरू करू नका. चीनमध्ये अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि पदवी प्रदान केल्याचं वेगळं असतं. फक्त पहिलं जोडलेलं असेल तर पदवी मिळाली असं धरून चालता येत नाही.

मग साल बघा. फिलिपाइन्समध्ये शालेय शिक्षण १० वर्षांचं होतं, २०१३ च्या कायद्याने ते १२ वर्षांचं झालं. म्हणजे तिथल्या दोन अर्जदारांच्या पदव्यांचं नाव एकच असलं तरी खालचा पाया वेगळा असू शकतो. युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर (देशोदेशीच्या पदव्या एका साच्यात आणायचा करार) पदव्यांची रचना बदलत गेली, त्यामुळे जुन्या जर्मन 'डिप्लोम'ला, म्हणजे त्या काळच्या पूर्ण पदवीला, नाव बघून डिप्लोमा समजणं हा त्या माणसावर सरळ अन्याय आहे. संस्थेची मान्यताही अर्जदार शिकत होता त्या काळातली शोधा. परदेशी पदव्या-संस्थांची माहिती देणारा जर्मनीचा 'अनाबिन' डेटाबेस आणि एनिक-नॅरिक या पदवी-मान्यतेच्या जाळ्यातली राष्ट्रीय केंद्रं इथे फार उपयोगी पडतात.

गुणांची टक्केवारी काढायची घाई नको. गुणपत्रिका उलटून पाहा, श्रेणींचा तक्ता बहुधा मागेच छापलेला असतो. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. रशियात ५ सर्वोत्तम. फ्रान्समध्ये २० पैकी १४ म्हणजे 'चांगला' शेरा, आणि १६ ला तर 'अति उत्तम'. हे ठाऊक नसेल तर हुशार विद्यार्थी सत्तर टक्केवाला ठरतो. क्रेडिटचंही तसंच: पूर्ण वर्षाला युरोपीय पद्धतीत ६०, ब्रिटनमध्ये १२०.

अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लावलेलं सरकारी प्रमाणन) असलं तरी विद्यापीठाकडून थेट पडताळणी करून घ्या. अपॉस्टिल सही-शिक्क्याची खात्री देतं, मजकुराची नाही.

नकार द्यायची वेळ आली तर कारण लेखी तयार हवं. पदव्यांच्या मान्यतेविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारानुसार, त्यात सामील देशांत, दोन पदव्यांतला फरक ठोस आहे हे दाखवायची जबाबदारी तपासणाऱ्याची असते, अर्जदाराची नव्हे. म्हणून कुठली माहिती कोणत्या तारखेला पाहिली, तेही फाइलला लावून ठेवा.