मेल येणं बंद झालं? खातं काढून टाकण्याआधी या चुका टाळा

आउटलुक किंवा थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये सकाळपासून एकही मेल आला नाही, की ऑफिसमधला ठरलेला सल्ला मिळतो: खातं काढा आणि नव्याने जोडा. खरं तर हे सगळ्यात शेवटी करायचं काम. त्याने मेल कुठे अडकला ते कळत नाही, आणि खातं पॉपवर (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या पद्धतीवर) चालत असेल तर जुन्या मेलचा घोळ मात्र हमखास होतो.

वेबमेल न बघताच सेटिंग्जला हात लावणं

दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच एक साधा, फाइल न जोडलेला मेल पाठवा आणि तो ब्राउझरमधल्या वेबमेलमध्ये दिसतो का ते बघा. दिसला, तर दोष कॉम्प्युटरवर आहे. दिसला नाही, तर कॉम्प्युटरवर दिवसभर खटपट केली तरी काही होणार नाही. स्पॅम फोल्डर आणि सर्व्हरवरचे फिल्टर तेवढे नजरेखालून घाला.

वेबमेलमध्येही मेल नसेल तर पहिला संशय भरलेल्या जागेवर घ्यावा. जीमेलची १५ जीबी जागा एकट्या मेलची नाही, ड्राइव्ह आणि फोटोही तीच वापरतात. ती भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. परत गेलेल्या मेलमध्ये ५.२.२ असा कोड असेल तर डबा भरलाय, असं समजा. मेल नुसते डिलीट करून भागत नाही, ट्रॅशही रिकामी करावी लागते. एरवी जीमेलचा ट्रॅश ३० दिवसांनी साफ होतो.

स्वतःच्या डोमेनवर मेल असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. डोमेनचं नूतनीकरण राहिलंय का, आणि नुकतीच वेबसाइट दुसरीकडे हलवली का. वेबसाइट हलवताना नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले जातात आणि जुन्या ठिकाणची एमएक्स नोंद, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद, नव्या ठिकाणी भरायची राहून जाते. वेबसाइट झकास चालते, मेल मात्र भलत्याच सर्व्हरकडे जातो. योग्य सर्व्हर नुसता बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. भलत्या सर्व्हरने ‘असा पत्ता नाही’ म्हटलं तर मेल तिथल्या तिथे परत जातो. म्हणून ही नोंद त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

एरर न वाचता खिडकी बंद करणं

वेबमेलमध्ये मेल आहे, आउटलुकमध्ये नाही, अशा वेळी आधी ‘सेंड/रिसीव्ह’ टॅबमधलं ‘वर्क ऑफलाइन’ चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. थंडरबर्डमध्ये हेच खाली डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावरून कळतं. मग एररचा कोड वाचा. आउटलुकमधल्या ‘८००सीसीसी’वाल्या कोडच्या शेवटी ‘९२’ असेल तर सर्व्हरने लॉगिन नाकारलं. शेवटी ‘०ई’ असेल तर प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. कोड ‘८००४२१०ए’ असा वेगळाच असेल तर सर्व्हरच्या उत्तराची वाट बघता बघता वेळ संपली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक तिन्हींवर पासवर्डच बदलत बसतात.

जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणं

जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर चालणारं लॉगिन ३० मे २०२२ पासून बंद केलं. आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. त्यामुळे पासवर्ड अगदी बरोबर असला तरी खिडकी पुन्हा पुन्हा तोच विचारते. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज इथे जाऊन ‘ऑथेंटिकेशन मेथड’ ‘ओऑथ२’ (मेल कंपनीच्या स्वतःच्या खिडकीतून लॉगिन करायची पद्धत) करा. लॉगिनची खिडकी कोरी राहिली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कुकीज स्वीकारायची खूण केलेली आहे का बघा.

जुन्या आउटलुकला ओऑथ जमत नाही. जीमेल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो एकदाच दिसतो. आणि गुगलचा मुख्य पासवर्ड बदललात की आधीचे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. ‘काल फोनवर पासवर्ड बदलला आणि आज ऑफिसचा मेल बंद’ ही तक्रार इथूनच येते.

पोर्ट आणि तारीख न तपासणं

‘०ई’ दिसलं तर पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, तपासा: एसएसएलसह (एन्क्रिप्शन असलेल्या जोडणीसह) आयमॅपला (मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीला) ९९३, पॉपला ९९५. पोर्ट ९९३ आणि एन्क्रिप्शन ‘स्टार्ट टीएलएस’ ही जोडी चालत नाही. ‘स्टार्ट टीएलएस’ १४३ साठी असतं. फार जुन्या विंडोजवरचा जुना आउटलुक टीएलएस १.२ ही एन्क्रिप्शनची भाषा बोलत नसेल तर आजचे बहुतेक सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतात. तिथे प्रोग्राम बदलण्याला पर्याय नाही.

सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) एरर आली तर कॉम्प्युटरची तारीख बघा. रात्री मेन स्विच बंद होणाऱ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. त्या तारखेला सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून जोडणी तुटते. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. एररवर ‘चालेल’ म्हणून पुढे जाऊ नका. तारीख बरोबर असेल तर अँटिव्हायरसचं मेल स्कॅनिंग मध्ये पडतंय का ते पाहा.

पॉपच्या खात्यात अडकलेला मेल

पॉप मेल एकामागून एक उतरवतं. रांगेत २५ एमबीचा एखादा मेल असेल आणि इंटरनेट रखडत असेल, तर तो निम्मा उतरतो, वेळ संपते आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. मागचे सगळे मेल तसेच ताटकळतात. शिवाय जोडणी नीट संपली नाही तर सर्व्हरवरच्या खोडायच्या मेलवर काट मारली जात नाही, त्यामुळे तेच मेल दोन-दोनदा येऊ लागतात. इथे खातं पुन्हा जोडलंत तर सर्व्हरवर असलेले सगळे मेल नव्याने उतरतील आणि दुप्पट पसारा होईल.

इलाज सोपा आहे. वेबमेल उघडून तो जड मेल इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, त्यामुळे रांग लगेच मोकळी होते. आउटलुकच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधला सर्व्हर टाइमआउट १ मिनिटावरून ५ मिनिटांवर न्या.

एकच जीमेल दोन कॉम्प्युटरवर पॉपने जोडलं असेल तर जो आधी उघडेल त्याला मेल मिळतो, दुसरा कोराच राहतो. युजरनेमच्या आधी ‘रीसेंट’ हा शब्द इंग्रजीत आणि लगेच कोलन टाकला की गेल्या ३० दिवसांचे मेल दोघांनाही मिळतात. तरी दोन माणसं एकच खातं वापरत असतील तर आयमॅपच बरं.

फुगलेली फाइल

आउटलुक २०१० पासून पीएसटी फाइलची, म्हणजे आउटलुक मेल साठवतो त्या फाइलची, ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे. ती गाठली की मेल येणं थांबतं. मेल खोडले तरी फाइल लहान होत नाही. अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, सेटिंग्ज असं जाऊन ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. पीएसटी वनड्राइव्हच्या किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. डॉक्युमेंट्सचा बॅकअप वनड्राइव्हला जोडला असेल तर ती तिथे न सांगता जाऊन बसते आणि सिंक होताना कुलूपबंद होते. फाइल खराब वाटली तर आउटलुक बंद करून आधी तिची प्रत काढा, मग स्कॅनपीएसटी हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा. एका फेरीत भागत नाही, चुका निघायच्या थांबेपर्यंत चालवा.

थंडरबर्डमध्ये यादी अर्धवट दिसली तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रिपेअर फोल्डर’. तिथे अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये असतो, म्हणून अँटिव्हायरसने एका घातक मेलपायी ती फाइलच क्वारंटाइन केली तर इनबॉक्स एकदम रिकामा दिसतो. थंडरबर्ड मेल ठेवतो तो प्रोफाइलचा फोल्डर स्कॅनमधून वगळा.

मेल आलाय, पण दिसत नाही

आउटलुकमध्ये ‘फोकस्ड’शेजारचा ‘अदर’ टॅब आणि ‘अनरेड’चा फिल्टर बघा. थंडरबर्डमध्ये क्विक फिल्टर चालू राहिला असेल तर तो काढा.

एवढं करूनही काही निघालं नाही, तर जुनं खातं तसंच ठेवून नवं प्रोफाइल (खाती आणि सेटिंग्जचा वेगळा संच) करा. आउटलुकसाठी कंट्रोल पॅनेल, मेल, ‘शो प्रोफाइल्स’, ‘अ‍ॅड’. नव्यात मेल आले तर जुनं प्रोफाइल बिघडलंय. मग जुनी पीएसटी ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ने नव्यात उघडा. पॉप असेल तर नव्या प्रोफाइलमध्ये पहिल्या सेंड/रिसीव्हआधी ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर’ला खूण करा आणि ‘१४ दिवसांनी काढा’ ही खूण काढून टाका.