कोकणात आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धा भरवायची तर: आधी टाय शीट, मग बॅनर

स्पर्धा भरवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत बॅनरवर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यावर दोन तास जातात. टाय शीट, म्हणजे कोण कुणाशी लढणार याचा तक्ता, कोण करणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि स्पर्धा फसते ती तिथेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवू पाहणाऱ्या क्लबसाठी हा लेख आहे. अशा स्पर्धेत मुलं उतरवणाऱ्या कोचसाठीही शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. काता (ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण) म्हणजे काय आणि कुमिते (समोरासमोरची लढत) म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

मान्यता आणि परवानग्या

नेपाळहून दोन मुलं आली आणि भिंतीवर सहा देशांचे झेंडे लागले म्हणून स्पर्धा आंतरराष्ट्रीय होत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्य केलेली कराटेची जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड कराटे फेडरेशन, अर्थात डब्ल्यूकेएफ. तिची मान्यता आपल्या देशात सध्या कोणाकडे आहे ते तिच्याच संकेतस्थळावरच्या सदस्ययादीत पाहा. लेटरहेडवरच्या बोधचिन्हांवर विसंबू नका. मग जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ या क्रमाने अर्ज वर जाऊ द्या. परदेशी संघ बोलवायचे तर केंद्र सरकारच्या पातळीवरही परवानग्या लागतात आणि त्या महासंघामार्फतच मागाव्या लागतात. सहा महिने हाताशी ठेवा.

पालकांना भलती आशा लावू नका. खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणाला किंवा दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांना खाजगी खुल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालेलच असं नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा आणि मिळालेलं उत्तर परिपत्रकात जसंच्या तसं छापा. ‘ऑलिंपिक खेळ’ असंही मोठ्या अक्षरात छापू नका. कराटे टोकियोला 2021 मध्ये झालं, 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हतं.

तारीख

पावसाळा नको, चतुर्थी नको, शिमगा नको, परीक्षा नकोत, आणि 20 डिसेंबर ते 2 जानेवारी लॉज परवडत नाहीत. उरतात नोव्हेंबरचा शेवट, डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा उत्तरार्ध. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून परिपत्रक किमान 75 दिवस आधी क्लबांच्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर मुंबई-पुण्याची मुलं कोकणकन्या, तुतारीच्या जनरल डब्यात रात्रभर उभी राहून येतात आणि पहिल्याच फेरीत पडतात.

परदेशी संघांचं वेळापत्रक वेगळं ठेवा. नेपाळ-भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. श्रीलंका, बांगलादेश आणि बाकी बहुतेकांना लागतो. निमंत्रणपत्रात प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसं, पासपोर्ट क्रमांकासह लिहा. ‘संघातील 12 सदस्य’ एवढ्यावर व्हिसाचं काम होत नाही. त्यांच्या प्रवेशाची मुदत 60 दिवस आधी संपवा. सिंधुदुर्गात स्पर्धा असेल तर त्यांना गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरायला सांगा. राहण्याची जागा ठरवताना मालकाला एकच प्रश्न विचारा: ‘परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरता येतो का?’ परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत तो ऑनलाइन भरावा लागतो. समुद्रकिनाऱ्यावरचं होमस्टे कितीही झकास असलं तरी मालकाने हे आधी कधी केलं नसेल तर तिथे परदेशी संघ उतरवू नका.

हॉल आणि मॅट

लढतीचा चौकोन 8 बाय 8 मीटरचा. त्याभोवती 1 मीटर मॅट धरली की एका रिंगला 1 मीटरचे 100 तुकडे लागतात. पुढे चारही बाजूंना 2 मीटर जागा मोकळी हवी. दोन रिंग शेजारी मांडल्या आणि मधली मोकळी जागा दोघींत सामाईक ठेवली तर 26 बाय 14 मीटर होतात. बास्केटबॉलचं मैदान 28 बाय 15 असतं. म्हणजे एका बास्केटबॉल कोर्टवर दोन रिंग. तिसरी बसवतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ती बसते, पण मग मागे फेकलेलं मूल टेबलाच्या कोपऱ्यावर आदळतं. मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं, पण आधी आत जाऊन खांब मोजा.

मॅट भाड्याने आणताना सगळे तुकडे एकाच कंपनीचे घ्या. दुसऱ्या कंपनीचे दाते एकमेकांत बसत नाहीत, आणि जबरदस्तीने बसवले तर दुपारपर्यंत फट पडून पायाची बोटं अडकतात. 25 मिलिमीटर जाडीच्या 200 तुकड्यांची रास 5 मीटर उंच होते. ते छोट्या हत्तीत मावत नाहीत, मोठा टेम्पो सांगा. आपल्याकडच्या दमट हवेत मॅटवर पडलेला घाम वाळत नाही. प्रत्येक रिंगला कोरडा पंचा घेतलेली दोन मुलं बसवा.

प्रवेशिका, वजन, टाय शीट

इथे घाई करू नका.

आधी आकडा ठरवा. किती जण येतील याचा अंदाज बांधत बसू नका, किती जण मावतील त्याचा हिशेब करा. बाद पद्धतीत 16 जणांच्या गटात 15 लढती होतात. अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेल्यांना ब्राँझसाठी पुन्हा संधी मिळते, म्हणजे रेपेशाज. त्याच्या आणखी 4. एकूण 19. गट 8 जणांचा असेल तर 7 आणि 2 मिळून 9, आणि 32 जणांचा असेल तर 31 आणि 6 मिळून 37. थोडक्यात, प्रवेशिकांना 1.2 ने गुणा, लढती मिळतात.

कॅडेट (14-15 वर्षं) आणि ज्युनिअरची (16-17) लढत घड्याळावर 2 मिनिटांची असते. पण नाव पुकारणं, ग्लोव्हज बदलणं, दर ‘यामे’ला (‘थांबा’ला) थांबलेलं घड्याळ आणि कोचची कुरकुर धरून लढतीला 5 मिनिटं जातात. कात्याच्या जोडीलाही साधारण तेवढीच. दोन रिंग, दोन दिवस, रोज 8 तास म्हणजे 1920 मिनिटं, म्हणजे 384 लढती, म्हणजे 320 प्रवेशिका. प्रवेशिका, बरं का, खेळाडू नव्हेत. प्रत्येक मूल काता आणि कुमिते दोन्ही खेळत असेल तर ही 160 मुलं झाली. 160 वर फॉर्म बंद करा. फीच्या मोहाने 300 घेतली की रात्री अकरा वाजता दहा वर्षांची मुलं पेंगत कुमिते खेळतात. ती स्पर्धा लोक पुढची पाच वर्षं विसरत नाहीत.

मुदत 15 दिवस आधी संपवा, आणि संपली म्हणजे संपली. वय स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं धरा: 12-13 म्हणजे चौदा वर्षांखालील, 14-15 कॅडेट, 16-17 ज्युनिअर. पुरावा म्हणून जन्मदाखला मागा. मुदतीनंतर दोन दिवसांत गटवार यादी सगळ्या क्लबांना पाठवा आणि चुका कळवायला तीन दिवस द्या. नावाच्या, वजनाच्या, मुलगा-मुलगी अदलाबदलीच्या नव्वद टक्के चुका इथेच निघतात. ही पायरी गाळली तर त्याच चुका टाय शीट लागल्यावर टेबलापाशी येतात, पालकांसकट.

चारपेक्षा कमी प्रवेशिकांच्या गटाचं काय करायचं ते परिपत्रकातच लिहून टाका. तिघं असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत ठेवा, तीन लढतींत काम होतं. दोन गट एकत्र करायचे तर ते यादी पाठवतानाच करा. वजनाच्या दिवशी ‘अहो, एकच मुलगा आहे, त्याला वरच्या गटात टाका’ हे कधीही ऐकू नका. 40 किलोच्या मुलापुढे 52 किलोचा उभा केलात तर त्याची जबाबदारी तुमची.

वजन आदल्या दिवशी. काटा इलेक्ट्रॉनिक हवा, एका दशांशापर्यंत दाखवणारा, आणि तो फरशीवर ठेवा. सतरंजीवर ठेवलेला काटा खोटं वजन दाखवतो. शेजारी तसाच दुसरा काटा चाचणीसाठी ठेवा, त्यावर कितीही वेळा चढू दे; अधिकृत काट्यावर एकदाच. डब्ल्यूकेएफच्या नियमात सूट पुरुषांना 0.2 किलो आणि महिलांना 0.5 किलो. त्याहून जास्त भरला तर बाद. मुलींचं वजन बंद खोलीत, महिला अधिकाऱ्यांनीच करायचं. वजनाच्या खोलीत कुणाचाही मोबाइल नको.

टाय शीट वजन संपल्यावर करा, आधी नाही. आधी करून ठेवली की गळलेल्यांच्या जागा भरण्यासाठी माणसं हाताने नावं सरकवतात आणि मग ‘तुमच्या क्लबला सोपा ड्रॉ’ या आरोपाला उत्तर उरत नाही. सॉफ्टवेअर वापरा, पण खालची तीन तत्त्वं डोक्यात ठेवून त्याचा निकाल तपासा.

पहिलं, बाय (न लढता पुढच्या फेरीत जाणं) फक्त पहिल्या फेरीत. 11 जण असतील तर साचा 16 चा घ्या आणि 5 बाय द्या. पहिल्या फेरीत 3 लढती होतात, जिंकलेले 3 आणि बाय मिळालेले 5 मिळून 8 उरतात आणि पुढे सगळं जुळतं. आपल्याकडे सर्रास चालते ती पद्धत अशी: अकरातल्या दहांच्या पाच जोड्या, एकाला बाय, सहांच्या तीन जोड्या, तिघांत पुन्हा एकाला बाय. यात एखादं मूल मोजक्या लढती खेळून अंतिम फेरीत पोचतं आणि रेपेशाजला कुणाला घ्यायचं याचा पत्ता लागत नाही. हे करणाऱ्याच्या हातून पेन काढून घ्या.

दुसरं, एका क्लबची दोन मुलं एका गटात असतील तर एक वरच्या अर्ध्यात, एक खालच्या. चार असतील तर चार पावांत. परदेशी संघालाही हेच लागू. हजार किलोमीटरवरून आलेल्या दोन सख्ख्या क्लबमित्रांना पहिल्याच फेरीत एकमेकांपुढे उभं करणं निव्वळ निष्काळजीपणा आहे.

तिसरं, यजमान क्लबचा माणूस एकटा ड्रॉ काढत नाही. बाहेरच्या दोन कोचना समोर बसवा आणि शेवटी त्यांची सही घ्या.

रात्री नऊला टाय शीट ग्रुपवर टाकली की तिला हात लावायचा नाही. सकाळी कुणी आलं नाही तर ‘किकेन’, म्हणजे माघार, समोरचा जिंकला. ‘नाव राहिलं’ असं सांगत आलेल्याला फी परत करा, पण आत घेऊ नका. एकाला घेतलंत की दहा उभे राहतात, त्यातला एक नगरसेवकाचा पुतण्या असतो.

वेळापत्रक करताना एवढंच पाहा की एका मुलाचं नाव एकाच वेळी दोन रिंगवर पुकारलं जाणार नाही. सकाळी सगळा काता, मग कुमिते, आणि लहान वयोगट आधी. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची असते.

पंच, डॉक्टर, वीज

कुमितेला एका रिंगवर एक रेफरी, चार जज आणि टेबलाजवळ मॅच सुपरवायझर. विश्रांतीची पाळी धरून रिंगमागे आठ पंच बोलवा. स्वतःच्या क्लबच्या मुलाच्या लढतीत कुणी बसणार नाही. त्यांचं जेवण पाळीपाळीने आणि वेळेवर. उपाशी पंचांच्या हातून प्रोटेस्ट वाढतात.

108 ची रुग्णवाहिका दिवसभर दारात उभी करून ठेवण्यासाठी नसते, वेगळी भाड्याने घ्या. डोक्याला मार लागून गरगरलेलं मूल त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. डॉक्टरांचा शब्द शेवटचा, कोचचा नाही. बर्फाची कोकणात ददात नाही, पण मासळीचा बर्फ घट्ट बांधलेल्या पिशवीतूनच लावा. स्कोअरबोर्डच्या लॅपटॉपला यूपीएस, हॉलला जनरेटर, आणि टाय शीटच्या दोन छापील प्रती प्रत्येक टेबलावर. महावितरणवर श्रद्धा ठेवू नका.

मुलं उतरवणाऱ्या कोचसाठी

मूल ज्या वजनाचं आहे त्याच गटात नाव द्या. दोन किलो ‘उतरवू’ म्हणून खालच्या गटात टाकलेलं मूल आदल्या दिवशी पाणी सोडतं आणि आपल्या उकाड्यात दुसऱ्या लढतीला त्याच्या पायात गोळे येतात. वाढत्या वयात वजन तोडू नका, हे पालकांच्या दबावाखालीसुद्धा.

किट निघण्याआधी घरी तपासा: लाल आणि निळा बेल्ट, दोन्ही रंगांचे ग्लोव्हज आणि शिन-इन्स्टेप गार्ड, माउथ गार्ड, बॉडी प्रोटेक्टर, मुलींना चेस्ट गार्ड, चौदा वर्षांखालील मुलांना फेस मास्क. गीची (कराटेच्या पोशाखाची) बाही मनगटाच्या पुढे नको, पायजमा नडगीचा किमान दोन तृतीयांश भाग झाकणारा हवा. बाही दुमडलेली चालत नाही, शिवून आखूड करा. हॉलच्या दारात उसने ग्लोव्हज शोधणारा कोच सगळ्या स्पर्धेला उशीर करतो.

आशियाई किंवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला क्लब थेट नाव देऊ शकत नाही. तिथे राष्ट्रीय महासंघाने निवडलेला संघच जातो. ‘थेट वर्ल्ड चॅम्पियनशिपला पाठवतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परदेशातल्या खुल्या स्पर्धेला जायचं तर आधी पासपोर्ट पाहा: स्पर्धेनंतरही सहा महिने मुदत उरली पाहिजे. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट बहुतेक वेळा पाचच वर्षांचा असतो आणि नेमका अशा वेळी संपलेला निघतो.

आवराआवर

निकाल आणि सह्या केलेल्या टाय शीट त्याच रात्री स्कॅन करून सगळ्या क्लबांना पाठवा. प्रमाणपत्रावरचं नाव टाय शीटवरून उतरवा, तोंडी सांगितलेलं लिहू नका.

मॅट क्लबच्या स्वतःच्या असतील तर त्या ओल्या रचू नका. दोन्ही बाजूंनी फडक्याने पुसा, रात्रभर पंख्याखाली उभ्या करून ठेवा आणि मग गोदामात जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवा. भिंतीला टेकवलेल्या मॅटला पहिल्या पावसातच बुरशी धरते.