घरात कुत्रा आणि ससा: दोघांना एकमेकांची सवय कशी लावावी

मागच्या दिवाळीनंतर लेकीने हट्ट धरून पांढरी सशीण आणवली. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, म्हणून तिचं नाव पडलं बोंडी. घरात आधीपासून भुऱ्या होता, चार वर्षांचा गावठी कुत्रा, अंगणाचा राखणदार. मामाजी ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, कुत्र्याच्या घरात ससा? हे काई जमत नाई." जमलं, पण चार महिने लागले, आणि मधे माझ्या घाईमुळे एकदा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरात जे करता आलं ते कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कुत्रा आणि ससा बिलगून झोपलेले फोटो मोबाइलवर फिरतात, त्यांच्या मागे लागू नका. आपल्याला इतकंच साधायचं आहे की कुत्र्याला ससा दिसावा आणि त्याने मान वळवून पडून राहावं. सशाला कुत्र्याचं प्रेम नको असतं, त्याचं लक्ष आपल्यावर नसलं की तो सुखात असतो.

रानातला ससा आणू नका

हरभरा सोंगताना, गहू कापताना धुऱ्याजवळ रानसशाची पिलं दिसतात. मुलं ती उचलून घरी आणतात. रानसशाला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे, तो पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. शिवाय पिलू एकटं दिसलं म्हणजे ते टाकलेलं असतं असं नाही. आई दिवसभर जवळ बसत नाही, थोडा वेळ दूध पाजायला येते आणि निघून जाते. पिलू होतं तिथेच ठेवा. जखमी असेल तर वन विभागाला 1926 वर कळवा. घरात पाळायचा ससा ही वेगळी जात आहे, युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांपासून माणसाने वाढवलेली. या लेखात त्याच सशाबद्दल लिहिलं आहे.

आधी कुत्र्याला पारखा

ससा आणण्याआधी दोन-तीन दिवस कुत्र्याकडे नीट लक्ष द्या. कोंबडी पळाली तर तो मागे धावतो का? उंदीर, खार, सरडा मारतो का? मारत असेल तर हाक मारल्यावर थांबतो का? ज्या कुत्र्याने रानात ससा धरलेला आहे, त्याच्यावर हा प्रयोग करू नका. दोघांना कायम वेगळं ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. लहान पिल्लू असेल तर ते निरुपद्रवी वाटतं, पण खेळता खेळता मारलेला एक पंजाही सशाच्या जिवावर बेतू शकतो.

आणि कुत्रे दोन असतील तर प्रत्येकाला वेगळं शिकवा. एकटा शहाणा वागणारा कुत्रा जोडीदाराच्या संगतीत शिकारी होतो. आपल्याकडे तर रात्री गावची कुत्री अंगणात फिरतात. आपला कुत्रा कितीही सुधारला तरी ती सुधारलेली नसतात.

सशाची जागा

कोंबड्यांचं डालं सशावर पालथं घालणं हा उपाय पुष्कळ घरांत करतात. कुत्रा नाकाने ते उलथतो. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीची चौकट करून बारीक जाळी लावून घ्या, कडी बाहेरून बसवा. तळाला जाळी नको, सशाच्या पायांना जखमा होतात. फळी टाका, तिच्यावर गोणपाट आणि कुटार. आत लाकडी खोका ठेवा, त्याला दोन तोंडं असू द्या. एकच तोंड असलं तर सशाला आपण कोंडलो गेलो असं वाटतं.

जागा घराच्या आत हवी. आम्ही माजघराचा एक कोपरा दिला. अंगणात किंवा गोठ्यात कुत्र्यांशिवाय बोका, मुंगूस, साप यांचीही भीती असते. पहिले आठ-दहा दिवस कुत्र्याला त्या खोलीत सोडूच नका. ससा नव्या घरात पोटभर खाऊ लागला, लेंड्या नियमित पडू लागल्या, तोंड धुऊ लागला की पुढचं पाऊल टाका.

वासाची ओळख

कुत्रा माणसाला जसा वासाने ओळखतो तसाच सशालाही आधी वासानेच ओळखू द्या. जुन्या लुगड्याचा तुकडा सशाच्या गालांवर, पाठीवर फिरवा आणि अंगणात जमिनीवर ठेवा. कुत्रा येईल, हुंगेल. हुंगून बाजूला झाला की लगेच भाकरीचा तुकडा द्या. लुगड्याचा तुकडा तोंडात धरून झटकू लागला तर तो काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तसंच कुत्र्याच्या बसण्याचं पोतं सशाच्या खाण्याच्या जागेजवळ ठेवा, लपायच्या खोक्यात मात्र नाही. ती एक जागा सशाची स्वतःची राहू द्या. यात आठवडा गेला तरी चालेल.

याच दिवसांत कुत्र्याला पट्टा आणि दोरीची सवय लावा. गावातली कुत्री मोकळीच वाढतात, दोरी बांधली की आधी गोंधळतात. "बस" आणि "इकडे ये" हे दोन शब्द पक्के होऊ द्या. उकडलेल्या अंड्याचा बोटभर तुकडा भाकरीपेक्षा लवकर शिकवतो, हा माझा अनुभव.

जाळीआडची भेट

खरं काम इथे आहे, म्हणून इथे सावकाश चला. वेळ दुपारी जेवणानंतरची घ्या. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला हुशार असतो, उड्या मारतो, दुपारी सुस्तावतो. कुत्राही सकाळी शेतात फिरून आला असेल तर थकलेला असतो. उडी मारणारा ससा आणि ताजातवाना कुत्रा समोरासमोर आणले तर शिकवायचं काहीच उरत नाही.

दोन माणसं हवीत. एक सशाजवळ, एक कुत्र्याची दोरी धरून. ससा जाळीत, कुत्रा 12-15 फुटांवर. त्याला बसवा. तो सशाकडे पाहील, पाहू द्या. त्याने नजर काढून तुमच्याकडे पाहिलं, जमीन हुंगली, जांभई दिली, की त्याच क्षणी अंड्याचा तुकडा. पाच मिनिटं झाली की बाहेर. पुढे नेण्याचा मोह आवरा.

कुत्र्याच्या अंगाकडे लक्ष ठेवा. अंग ताठ, कान पुढे, नजर खिळलेली, नाव घेतलं तरी ऐकू न आल्यासारखा, घशातून बारीक कुईकुई. हे सगळं शिकारीच्या आधीचं आहे. अशा वेळी ओरडू नका, मारू तर मुळीच नका. ससा दिसला की मार बसतो हे कुत्र्याच्या मनात बसलं तर त्याचा राग सशावर निघतो. दोरी धरून त्याला मागे न्या, नजर सुटेल इतकं लांब, आणि उद्या तिथूनच सुरुवात करा.

सशाकडे तितकंच लक्ष हवं. तो आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याची भीती आपल्याला कळत नाही. दगडासारखा स्तब्ध झाला, डोळे मोठे झाले, मागचा पाय जमिनीवर धपकन आपटला तर तो घाबरला आहे. शांत बसलाय असं समजू नका. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मागचंही दिसतं, पण अगदी नाकापुढचं थोडं दिसत नाही. म्हणून कुत्र्याला सरळ समोरून आणू नका, बाजूने आणा.

माझी खूण एकच होती: कुत्रा दिसत असताना बोंडी गवत खाते का? खाल्लं तर दुसऱ्या दिवशी दोन फूट जवळ, नाही खाल्लं तर दोन फूट मागे. मामाजी आधी नुसते पाहत बसायचे. एक दिवस म्हणाले, "गोऱ्ह्याले काई पहिल्याच दिवशी वखराले जुपत नाई आपण. तो पाहून राहिला तोवर पुढं सरकू नको." आयुष्यभर बैल शिकवलेल्या माणसाचा हा सल्ला मी शेवटपर्यंत धरला. आमचे 12 फुटांचे 3 फूट व्हायला सहा आठवडे लागले.

माझी चूक

सातव्या आठवड्यात मला वाटलं, आता झालं. बोंडीला मांडीवर घेतलं आणि भुऱ्याला जवळ बोलावलं. तो नाक पुढे करून आला, तिने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली आणि हातातून सुटली. पळणारा ससा पाहून सहा आठवड्यांचं शिक्षण भुऱ्याच्या डोक्यातून निघून गेलं. ती धान्याच्या कोठीमागे शिरली म्हणून वाचली. संध्याकाळपर्यंत तिने काडीला तोंड लावलं नाही, आणि त्या रात्री मी तिच्याजवळच बसून होते.

सशाला हातात धरून कुत्र्यासमोर कधीच नेऊ नका. घाबरलेला ससा लाथ मारताना स्वतःच्याच पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो. जवळ जायचं की नाही, हे त्याला त्याच्या चार पायांवर ठरवू द्या.

एका खोलीत

जाळीआड पंधरा दिवस दोघं निवांत राहिले की मग ससा मोकळा, कुत्रा दोरीवर. आधी फरशीवर जुनी सतरंजी अंथरा. गुळगुळीत फरशीवर ससा घसरतो, धडपडतो, आणि धडपड पाहून कुत्रा उठतो. खोका तोंडाशी मोकळा ठेवा, म्हणजे सशाला वाटेल तेव्हा आत जाता येईल. कुत्र्याला आडवं झोपवा, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहा. दहा मिनिटं पुरे. असे वीस-पंचवीस दिवस एकदाही झेप न घेता गेले, तरच दोरी हातातून सोडा. ती गळ्यात राहू द्या, जमिनीवर लोळू द्या.

त्यानंतरही दोघांना एकटं सोडायचं नाही. वेचणीच्या, सोंगणीच्या दिवसांत घर दिवसभर रिकामं असतं. शेतावर निघताना ससा जाळीत, कडी लावलेली, आणि त्या खोलीचं दारही बंद. लग्नाचा बँड, दिवाळीचे फटाके, पोळ्याची गर्दी अशा दिवशी भेटच नको.

औषधं आणि दवाखाना

कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध वेळेवर. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत पुष्कळदा फिप्रोनिल असतं. ते सशाला विषारी आहे. ते सशाला लावू नका, आणि कुत्र्याला लावलं असेल तर काही दिवस दोघांना जवळ आणू नका. फवारणी झालेल्या कपाशी-सोयाबीनच्या धुऱ्यावरचं गवतही सशाला घालू नका.

कुत्र्याने ससा तोंडात धरलाच तर ससा ओढू नका, ओढल्याने जखम फाटते. कुत्र्याच्या डोक्यावर गोधडी टाका, पट्टा घट्ट धरा, त्याने जबडा सैल केला की ससा उचला. दाताची खूण बारीक असली, ससा वरून ठणठणीत दिसला, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंनी आत पू होतो. घरातली माणसांची गोळी देऊ नका. ॲमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावतो. भीतीने ससा 12 तास काहीच खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, तर तेही तातडीचं आहे. गावाजवळचे डॉक्टर बैल-बकऱ्यांत तरबेज असतात, सशाचा इलाज करतात का हे आधीच विचारून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, आणि गंभीर असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

उन्हाळ्यात

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो, आणि 30 अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो. त्या दोन महिन्यांत दुपारचा सराव बंद करा, पहाटे उजाडताना करा, तोही जाळीआडूनच. कुत्राही उन्हाने चिडचिडा होतो, गारव्यासाठी सशाच्याच कोपऱ्यात शिरू पाहतो. म्हणून दोघांच्या गार जागा वेगळ्या करा. आम्ही भुऱ्याला न्हाणीजवळची ओली फरशी दिली. बोंडीच्या जाळीत फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतो, जाळीला ओलं गोणपाट बांधतो, कूलर थोडा लांबून. ती बाटलीला पाठ लावून पसरते. भुऱ्या दारातून डोकावतो, एकदा पाहतो आणि परत न्हाणीकडे जाऊन झोपतो.