चार्टर बोटीवर हाती आलेला मासा सुटतो का? या चुका टाळा

मासेमारीसाठी भाड्याने घेतलेल्या चार्टर बोटीने खोल पाण्यात जाऊन आलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "मोठा लागला होता, पण सुटला." मग दोष नशिबाला जातो, नाहीतर बोटवाल्याच्या दोरीला. नशिबाला बोल लावण्याआधी दोरीचं तुटलेलं टोक हातात घेऊन बघा. काय बिघडलं ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

टोकाला वेटोळं पडलं असेल तर गाठ सरकली. गाठ आवळण्याआधी पाण्याने ओली केली नाही तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. टोक स्वच्छ कापलेलं असेल तर ते दातांचं काम. सुरमई, वाहू, बाराकुडा यांच्यासाठी पुढे तारेचा छोटा लीडर (गळ आणि मुख्य दोरी यांच्यामधला मजबूत तुकडा) हवाच, नुसता जाड नायलॉन पुरत नाही. टोकाच्या वरचा हातभर भाग खरखरीत लागला तर दोरी खडकाला, प्रवाळाला किंवा बोटीच्या तळाला घासली आहे. तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधा; "चालेल अजून" म्हणून तीच दोरी परत पाण्यात टाकू नका. गळच सरळ होऊन वर आला तर ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणाला सुटेल हे ठरवणारा रीलचा ब्रेक) फार घट्ट होता किंवा गळ माशाच्या मानाने बारीक होता. आणि गळ, दोरी, गाठ सगळं शाबूत परत आलं, तर मधे कुठेतरी दोरी ढिली पडली किंवा गळ रुतवण्याचा झटका चुकीचा मारला गेला.

ड्रॅग: सगळ्यात जास्त मासे इथेच जातात

मासा पळतोय, रील किंचाळतंय, दोरी भराभर संपतेय. अशा वेळी हात आपोआप ड्रॅग आवळायला जातो. तोच हात आवरायचा आहे.

ड्रॅग साधारणपणे दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर लावतात. १५ किलोची दोरी असेल तर सुमारे ४ किलो. हे बोटाच्या अंदाजाने ठरवू नका. दोरी ताणकाट्याला अडकवून, मासेमारी सुरू होण्यापूर्वी मोजा. चांगला खलाशी हे आधीच करून ठेवतो, तरी विचारायला लाजू नका.

आता पुढचं गणित. दोरी बाहेर जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो. ड्रॅगच्या नॉबला हात न लावताही, व्यास निम्मा झाला की दोरीवरचा ताण दुप्पट होतो. ४ किलोचे ८ झाले. त्यात पाण्यात पसरलेल्या लांब दोरीला होणारा विरोध मिळवा. म्हणजे मासा लांब गेलेला असताना ड्रॅग उलट थोडा सैल करायची वेळ असते, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच तो घट्ट करतो. दोरी संपत आलीच तर कॅप्टनला सांगा, तो बोट माशाच्या दिशेने नेईल.

स्पिनिंग रील असेल तर आणखी एक सवय मोडा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहिलात तर एक इंचही दोरी आत येत नाही, फक्त पीळ भरत जातो. मासा पळतोय तोवर हात थांबवा.

झटका मारण्याची घाई

सर्कल हूकवर (टोक आत वळलेल्या गोलसर गळावर) जिवंत किंवा मेलेलं आमिष लावलं असेल तर झटका मारायचाच नाही. हा गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःहून फिरून बसतो. तुम्ही फक्त दोरी ताणली जाईपर्यंत संथपणे रील फिरवायचं. जोरात उपसलात तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. जे-हूक (इंग्रजी J च्या आकाराचा साधा गळ) आणि लुअर (नकली आमिष) यांचं तंत्र वेगळं आहे. म्हणून रॉड हातात घेतानाच विचारा: "गळ कुठला लावलाय?"

रॉड उभा धरणं हीसुद्धा तशीच घाईची चूक. मासा बोटीखाली आला की माणसं रॉड आकाशाकडे नेतात. सगळा भार टोकाच्या नाजूक भागावर येतो आणि ग्राफाइटचा रॉड तडकतो. रॉड आडवाच्या थोडा वर ठेवा, सावकाश उचला, खाली नेताना रील फिरवा, आणि खाली नेताना दोरी ढिली पडू देऊ नका.

झुंज लांबवण्यात शौर्य आहे असं मला अजिबात वाटत नाही. १९५३ साली पेरूमधल्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेल ज्युनियर यांनी १,५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७०७ किलोचा ब्लॅक मार्लिन (भाल्यासारख्या चोचीचा प्रचंड मासा) पावणेदोन तासांत आणला. योग्य साधन आणि अखंड, मोजका ताण असला की मासा लवकर येतो. सोडायचा असेल तर तो जगण्याची शक्यताही तेवढीच वाढते.

निघण्याआधी

अर्ध्या दिवसाची बोट घेऊन मार्लिनची अपेक्षा करू नका. खोल पाण्यापर्यंतच्या जाण्यायेण्यातच वेळ जातो. बुकिंग करतानाच प्रत्यक्ष गळ पाण्यात किती तास असतील, हवामान बिघडलं तर पैशांचं काय, आणि पकडलेला मासा कोणाचा, हे विचारून घ्या.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते (इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून). उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. डिझेलच्या धुरापासून लांब, बोटीच्या मध्यभागी उभे राहा, नजर क्षितिजावर ठेवा आणि मोबाइल खिशात ठेवा.

मासा वर आल्यावर

सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवाच असेल तर हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, जबड्याने लटकवू नका. ३० मीटरवरून वर आणलेल्या माशावरचा दाब चौपटीवरून एकपट होतो, त्यामुळे त्याच्या वाताशयातली हवा फुगते. कधी जठर तोंडातून बाहेर येतं. त्याला टोचू नका. वजन लावलेल्या डिसेंडरने मासा परत खोल नेऊन सोडणं हा योग्य उपाय आहे.

ठेवायचा मासा असेल तर रक्त काढून लगेच बर्फात. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा बर्फ आणि समुद्राचं पाणी यांचा लगदा बराच लवकर थंड करतो. टूना, सुरमई, माही-माही उन्हात डेकवर पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही, गोठवूनही नाही, आणि मासा दिसायला ताजाच दिसतो. खाताना जिभेला झिणझिण्या आल्या किंवा चव मिरीसारखी लागली, तर दुसरा घास घेऊ नका. चेहरा लाल होऊन अंगावर पुरळ उठलं किंवा धाप लागली तर थेट डॉक्टरांकडे जा.